तिने कागद बरोबर वाचला होता

बैठकीच्या कागदांत ते प्रकरण सातव्या पानावर होतं. नाव नव्हतं. 'महिला, वय ६८, संधिवात' एवढंच. खाली तीन ओळी: आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या रुग्णाने सलग नऊ दिवस रोज घेतल्या. तोंडात फोड, ताप, रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप घसरलेल्या. पुन्हा भरती. शेवटच्या रकान्यात कारण दिलं होतं, 'रुग्णाकडून सूचनांचं पालन झालं नाही.'

आदल्या रात्री ते पान वाचलं आणि बराच वेळ माझ्याच्याने पुढे जाववेना. तीच गोळी मी आठ वर्षं घेते आहे. दर रविवारी.

या सार्वजनिक रुग्णालयाच्या सुरक्षितता समितीवर मी स्वयंसेवक म्हणून काम करते. नियुक्तीपत्रात 'आरोग्यसेवा ग्राहक प्रतिनिधी' असं लिहिलं आहे, बोलताना सगळे रुग्ण प्रतिनिधी म्हणतात. महिन्याला एक बैठक, तिच्याआधी वाचायचा कागदांचा गठ्ठा, आणि गोपनीयतेच्या कागदावर केलेली सही. सुरुवातीच्या प्रशिक्षणात आम्हाला १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यातलं एक कलम वाचून दाखवलं होतं. आपल्या आरोग्यसेवेचं नियोजन आणि अंमलबजावणी यांत भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि ते त्यांचं कर्तव्यही आहे, असं ते कलम सांगतं. हक्क मला लगेच पटला होता. कर्तव्याचा अर्थ मात्र मनात पक्का बसला तो या प्रकरणाच्या दिवशी.

आधी गोळीबद्दल. मेथोट्रेक्सेट हे मुळात कर्करोगावरचं औषध. पेशी वाढायला लागणाऱ्या फोलेटची वाट ते अडवतं. संधिवातात ते अगदी थोड्या मात्रेत, आठवड्यातून एकदाच देतात, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणांची बोटं त्याच्यामुळे पुन्हा वळू लागतात. पण तीच मात्रा रोज पोटात गेली, तर ज्या पेशी शरीर सतत नव्याने बनवत असतं त्यांच्यावर आधी घाव बसतो. तोंडाच्या आतलं अस्तर सोलवटतं, हाडांच्या मगजात रक्त तयार होणं मंदावतं. माणूस दगावू शकतो. ही चूक जगभर होत आली आहे. म्हणूनच युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये वेष्टनावर ठळक इशारा आणि रुग्णाजवळ ठेवायचं कार्ड असे उपाय सांगितले. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या नियामकाने सांगितलं, की गोळीचा वार रुग्णाशी बोलून ठरवा आणि चिठ्ठीवर पूर्ण अक्षरांत लिहा.

मला यातलं काही माहीत नव्हतं तेव्हा मला एका सिस्टरने वाचवलं. घरी सोडायच्या दिवशी त्यांनी विचारलं, "ताई, कुठल्या वारी तुम्ही घरी निवांत असता?" मी म्हटलं, रविवारी. त्यांनी खिशातलं मार्कर काढून गोळ्यांच्या डबीवर मोठ्या अक्षरांत 'रविवार' लिहिलं. अर्ध्या मिनिटाचं काम. त्या अडुसष्ट वर्षांच्या बाईंच्या वाट्याला ते अर्धं मिनिट आलं नव्हतं.

पण हे सांगायला बैठकीत उठले असते, तर ती फक्त माझी गोष्ट झाली असती. पहिल्या वर्षी एका डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "तुम्ही नक्की कुणाच्या वतीने बोलता?" प्रश्न रास्त होता आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून बैठकीच्या दिवशी सकाळीच मी समितीच्या अध्यक्षांना फोन केला. परवानगी मागितली, आणि त्या डिस्चार्ज कार्डाची नाव-नंबर झाकलेली प्रत घेऊन औषधांच्या खिडकीसमोरच्या बाकावर जाऊन बसले.

कार्डावर पाच औषधं होती. प्रत्येकापुढे सकाळ, दुपार, रात्र असे तीन चौकोन. तिसऱ्या ओळीत मेथोट्रेक्सेट, अडीच मिलिग्रॅम, आणि चौकोनांत ३-०-०. त्याच्या पुढे, समासाला टेकून, इंग्रजीत दोन अक्षरं खरडलेली: 'डब्ल्यूके'. म्हणजे वीकली. चौथ्या ओळीत फोलिक ॲसिड, म्हणजे मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत देतात ती फोलेटची गोळी. या दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळ्या असतात. आजही रविवारी मी हातातली गोळी दोनदा बघून घेते.

रांगेतल्या लोकांना मी एकच प्रश्न विचारला: हा कागद तुमच्या हातात दिला, तर घरी गेल्यावर ही औषधं कशी घ्याल? नऊ जणांशी बोलले. सहा जणांनी न अडखळता सांगितलं, तिसरी गोळी रोज सकाळी तीन. त्यांतल्या एक शिक्षिका होत्या. 'डब्ल्यूके' वर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे कंपनीचं नाव असेल ना?" एका काकांना वाचता येत नव्हतं, ते म्हणाले, "खिडकीवर सांगतील तसं घेईन." दोघांच्याच लक्षात आलं. त्यांतल्या एकाची बहीण नर्स होती.

बैठक दोन वाजता सुरू झाली. सातवं पान आलं तेव्हा संबंधित युनिटचे डॉक्टर म्हणाले, "डिस्चार्जच्या वेळी आम्ही तोंडी सांगितलं होतं." माझा त्यांच्यावर विश्वास आहे, सांगितलंच असणार. पण घरी जायचा तो अर्धा तास कसा असतो हे मला ठाऊक आहे. मुलगी गाडी बघायला खाली गेलेली, पिशव्या भरायच्या राहिलेल्या, कॉटवर पुढचा रुग्ण यायचा, आणि डोक्यात फक्त घर. कानावर पडलेलं त्यात वाहून जातं, घरी पोचतो तो कागद. औषधांमुळे होणारी इजा टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये मोहीम सुरू केली. तिने तीन ठिकाणी विशेष जपायला सांगितलं आहे: धोका जास्त असलेली औषधं आणि प्रसंग, एकाच वेळी चालू असलेली पुष्कळ औषधं, आणि रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जातो ती वेळ. या एका कार्डावर तिन्ही होती.

मी कार्डाच्या प्रती सगळ्यांपुढे ठेवल्या. म्हटलं, "हे औषध तुम्हाला माहीतच नाही असं समजा आणि तिसरी ओळ वाचा." मग खिडकीसमोरच्या नऊ जणांची उत्तरं एकामागून एक, त्यांच्याच शब्दांत सांगितली. कोणी बोलेना.

पहिल्या बोलल्या त्या फार्मसिस्ट मॅडम. त्यांच्यापुढे रजिस्टर उघडं होतं. "आमच्या खिडकीवरून तीस गोळ्या गेल्या आहेत. तिला महिन्याला बारा लागतात. तीस म्हणजे रोज तीनप्रमाणे दहा दिवसांच्या. आमच्या माणसानेही हा कागद रोजचाच वाचला."

हे मलाही माहीत नव्हतं. त्यांनी ते लपवलं असतं तरी त्या खोलीत कुणाला कळलं नसतं. मी एवढंच म्हणाले, "मग पालन झालं नाही असं कसं लिहायचं? तिने अगदी तंतोतंत पालन केलं, म्हणूनच ती आजारी पडली."

पुढचे बदल दहा मिनिटांत ठरले. आठवड्याच्या गोळीपुढचे तिन्ही चौकोन काट मारून बंद करायचे आणि वार पूर्ण अक्षरांत, रुग्णाच्या भाषेत लिहायचा. फोलिक ॲसिडचा वार वेगळा लिहायचा. एका वेळी चार आठवड्यांच्या वर गोळ्या द्यायच्या नाहीत. आणि निघताना रुग्णालाच विचारायचं, "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय, घरी ही गोळी कशी घ्याल ते सांगता?" 'समजलं का?' या प्रश्नाला सगळे मान डोलावतात, मीही डोलावली आहे.

खरा वेळ गेला तो एका वाक्यावर. बाईंच्या मुलीने तक्रारीचं पत्र दिलं होतं. त्यात नुकसानभरपाईचा उल्लेख नव्हता. शेवटची ओळ अशी होती: 'आई सारखी म्हणते मीच वेंधळी, तिच्याशी कोणी बोलेल का?' उत्तराच्या मसुद्यात प्रशासनाने 'संवादातील त्रुटीमुळे' असं घातलं होतं. मी दुसरं वाक्य सुचवलं: 'तुमच्या आईंनी कागदावर लिहिल्याप्रमाणेच औषध घेतलं. चूक कागदात होती, आणि तो कागद आमचा होता.'

प्रशासकीय अधिकारी म्हणाले, हे लिहून देणं म्हणजे उद्या कोर्टात उभं राहणं. त्यांची भीती मला खोटी वाटली नाही, रुग्णालय सांभाळायचं काम त्यांचं आहे. पण मी हटले नाही. त्या बाई वॉर्डात पडून स्वतःला दोष देत होत्या. मेथोट्रेक्सेटवर उतारा म्हणून दिलेल्या फोलिनिक ॲसिडच्या इंजेक्शनांनी पेशी वर येऊ लागल्या होत्या, तोंडातले फोड सुकत होते, पण 'मीच वेंधळी' यावर दुसरं कुठलं औषध मला दिसत नव्हतं. 'त्रुटी' हा शब्द घेऊन अर्धा तास आम्ही गोल फिरत राहिलो. कोणीतरी 'गैरसमज' सुचवला. मी विचारलं, "गैरसमज कुणाचा?"

शेवटी युनिटचे डॉक्टर बोलले. इतका वेळ ते कार्डाकडेच बघत होते. "कागद माझ्या युनिटचा आहे. वाक्य राहू दे. आणि पत्र जाईल तेव्हा जाईल, त्यांना मी आत्ताच जाऊन सांगतो." वॉर्डात फोन लावून त्यांनी सिस्टरना विचारलं, बाई जाग्या आहेत का, मुलगी जवळ आहे का. मग टेबलावरची कार्डाची प्रत उचलली आणि निघाले.

मी त्यांच्याबरोबर गेले नाही. ते बोलणं त्या तिघांचं होतं.

सचिवांनी लॅपटॉपवर सातवं पान उघडलं, शेवटच्या रकान्यातलं वाक्य पुसलं आणि विचारलं, "कारण काय लिहू?"

फार्मसिस्ट मॅडम सांगू लागल्या, "तिसरी ओळ. वार लिहिलेला नाही."