खाऱ्या हवेतला पहिला होम थिएटर पीसी: सुटे भाग निवडताना

टीव्हीखाली ठेवायचा संगणक जुळवताना बहुतेक जण आधी प्रोसेसर ठरवतात, मग कॅबिनेट, आणि उरलेल्या पैशांत पॉवर सप्लाय. गुहागर, मालवण, वेंगुर्ला अशा पट्ट्यात, समुद्रापासून दोन-चार किलोमीटरच्या आत घर असेल, तर हा क्रम उलटा करावा. आधी हवा आणि वीज बघायची, मग बाकीचं.

पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: बघायचं काय आहे? फक्त ओटीटी बघायचं असेल तर पीसी जुळवूच नका. नेटफ्लिक्सचं फोर-के चित्र संगणकावर मिळायला विंडोज, एज ब्राउझर किंवा त्यांचं अ‍ॅप, एचईव्हीसी एक्स्टेन्शन (फोर-के व्हिडिओ उलगडणारी जोडणी) आणि एचडीसीपी २.२ या नक्कल रोखणाऱ्या कुलपाची टीव्हीपर्यंत अखंड साखळी लागते. लिनक्सवर ते मिळतच नाही. टीव्हीतलं अ‍ॅप किंवा छोटी स्टिक हे काम बिनबोभाट करते. पीसीचा खरा उपयोग स्वतःच्या संग्रहासाठी: ब्लू-रे डिस्कवरून घेतलेले सिनेमे, लग्नामुंजीचं शूटिंग, नाटकांची जुनी रेकॉर्डिंग, हजारो फोटो. या फायली टीव्हीच्या यूएसबीला लावल्या की कधी आवाज येत नाही, कधी सबटायटल. टीव्हीचं लॅन पोर्टही बहुधा सेकंदाला १०० मेगाबिटचंच असतं आणि फोर-के ब्लू-रे १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे नेटवर्कवरून चालवलेला सिनेमा नेमका धुमश्चक्रीच्या प्रसंगात अडकतो.

आता हवा. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ते यामुळेच. पंखा जी हवा आत ओढतो तिच्यातल्या धुळीबरोबर हेच मीठ मदरबोर्डवर बसतं. मे महिन्यापर्यंत काही बिघडत नाही. जूनमध्ये तो थर ओला होतो आणि अगदी जवळजवळच्या पिनांमधून नको तिथे वीज झिरपू लागते. मग पीसी आपोआप रीस्टार्ट होतो, यूएसबी गायब होते, रॅम ओळखली जात नाही. दोन-तीन वर्षं वापरलेल्या पीसीच्या मागे टॉर्च मारून पाहा. स्क्रूच्या डोक्यांवर पांढरट पूड, यूएसबीच्या पत्र्याच्या कडेला तांबूस ठिपके, आणि ऑडिओ जॅकच्या आत हिरवट कड दिसते. बाहेर हे दिसतंय म्हणजे आतही सुरुवात झाली आहे असं धरून चाला.

यावर दोन उपाय, आणि दोन्ही भाग निवडतानाच करायचे. पहिला, पेटीतून हवा कमीत कमी फिरली पाहिजे. म्हणजे प्रोसेसर इतका थंड हवा की पंखा लागूच नये. दुसरा, पावसाळ्यात पेटी आतून किंचित कोमट राहिली पाहिजे. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर तीच हवा ३८ अंशांपर्यंत तापल्यावर आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते, आणि मीठ कोरडंच राहतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पीसी बंद करण्यापेक्षा नुसता चालू ठेवणं चांगलं. स्लीपमध्ये टाकून भागत नाही, कारण तेव्हा बोर्ड गारच पडतो. १० वॉट ओढणारा पीसी महिनाभर अखंड चालू राहिला तरी सात युनिटांच्या आसपास वीज खातो.

हे दोन्ही जमवणारा प्रोसेसर म्हणजे इंटेलचा एन१००, २०२३ मध्ये आलेला. चार कोअर, ६ वॉटचा. एचईव्हीसी १०-बिट, व्हीपी९ आणि एव्ही१ हे व्हिडिओ दाबून साठवण्याचे तिन्ही प्रकार हार्डवेअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या खास भागात, उलगडतो, त्यामुळे फोर-के सिनेमा चालू असतानाही त्याला घाम फुटत नाही. तो बोर्डवर डकवलेलाच येतो, वेगळा घ्यावा लागत नाही. अ‍ॅसरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स हा बोर्ड मला किनाऱ्यासाठी सगळ्यात पटतो, कारण त्याला लॅपटॉपसारखा १९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो. पंख्याचा एसएमपीएस, म्हणजे नेहमीचा पॉवर सप्लाय, पेटीत नसणं इथे मोठी गोष्ट आहे. सगळ्यात जास्त मीठ आणि धूळ तोच ओढतो, आणि पाली शिरतात त्याही त्यातच.

मुलांना खेळ खेळायचे असतील किंवा घरातल्या तीन-चार मोबाइलवर एकाच वेळी सिनेमे पाठवायचे असतील, तर इंटेलचाच कोअर आय३-१२१०० घ्या आणि पंख्याची तडजोड मान्य करा. नावाच्या शेवटी 'एफ' असलेला मात्र घेऊ नका. त्यात ग्राफिक्स नसतात आणि बोर्डवरचं एचडीएमआय मुकं राहतं. एएमडीचा ५६००जी अजूनही दुकानदार आग्रहाने देतात. बाकी सगळं ठीक, पण एव्ही१ त्याला हार्डवेअरमध्ये येत नाही आणि यूट्यूबवर एव्ही१ वाढतच चाललंय. पहिल्या पीसीसाठी तो टाळावा.

बोर्ड घेताना जाहिरातीतल्या 'फोर-के सपोर्ट'वर जाऊ नका. कंपनीच्या पानावर एचडीएमआयची ओळ शोधा. ४०९६ × २१६० च्या पुढे ३० हर्ट्झ लिहिलं असेल तर ते पोर्ट एचडीएमआय १.४ चं आहे. चित्र येईल, पण माउस हलवला की तो ओढत आल्यासारखा वाटेल. ६० हर्ट्झ पाहिजे, म्हणजे निदान २.०. केबल १८ गिगाबिटची 'प्रीमियम हाय स्पीड' प्रमाणित घ्या, दोन मीटरच्या आतली. फोर-के लावल्यावर मधूनच पडदा क्षणभर काळा होत असेल तर दहात नऊ वेळा दोष केबलचा असतो. आवाजाचा साउंडबार किंवा अँप्लिफायर असेल तर पीसी आधी त्याला जोडा आणि तिथून टीव्हीला. टीव्हीच्या साध्या एआरसीमधून (टीव्हीतून आवाज परत बाहेर पाठवणारं एचडीएमआय) ब्लू-रेवरचा ट्रूएचडीसारखा मूळ आवाज जात नाही, त्याला एआरसीची सुधारित आवृत्ती, ईएआरसी लागतं.

रॅम ८ जीबी पुरते. एन१०० ला चॅनल एकच, त्यामुळे एकच पट्टी. मात्र बोर्डला डेस्कटॉपची पट्टी लागते की लॅपटॉपची, डीडीआर४ की डीडीआर५, हे ऑर्डर देण्याआधी बघा, कारण परत पाठवण्याची वेळ येते ती इथेच. आय३ घेतलात तर ८ च्या दोन पट्ट्या लावा, ग्राफिक्सला त्याचा फायदा होतो.

सिस्टिमसाठी २५० जीबीची एनव्हीएमई (बोर्डवरच बसणारी) एसएसडी भरपूर झाली. संग्रहाला हार्ड डिस्क. फोर-के ब्लू-रे सिनेमा ५० ते ८० जीबी धरला तर ४ टीबीमध्ये साठेक सिनेमे मावतात. साध्या हार्ड डिस्कला हवेचा दाब सांभाळायला एक बारीक भोक असतं, आत गाळणी असते. दमट हवा जाऊ नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावणारे लोक आहेत, तसं अजिबात करू नका. मोठ्या क्षमतेच्या हेलियम भरलेल्या डिस्क पूर्ण सीलबंद असतात, बजेट असेल तर किनाऱ्यावर त्या उत्तम. घरगुती चित्रीकरणाची दुसरी प्रत मात्र हवीच. ती डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी लावून बघत जा. सिलिका जेल अशा बंद डब्यातच कामाचं. उघड्या कॅबिनेटमध्ये टाकलेल्या पुड्या पावसाळ्यात बघता बघता भिजून निकामी होतात.

आता वीज, आणि इथे पैसे वाचवू नका. कोकणात कमी व्होल्टेजची तक्रार सगळे करतात, पण १०० ते २४० व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर कमी व्होल्टेज निभावून नेतो. खरा घात होतो तो न्यूट्रल तुटल्यावर. वादळात फांदी पडून खांबावरचा न्यूट्रल निघाला की एका फेजच्या घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. स्पाइक गार्ड क्षणिक झटक्यासाठी असतो, असा टिकून राहणारा जादा दाब त्याला सोसत नाही. त्यासाठी मीटरजवळच्या बोर्डात, एमसीबीच्या शेजारी बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लावून घ्या आणि वरची मर्यादा २७० च्या आत ठेवा. त्याने टीव्ही-फ्रिजही वाचतात.

मग अर्थिंग. जांभ्याच्या कातळावर अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो आणि अर्थ नावापुरता उरतो. मल्टिमीटरने सॉकेट तपासून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे यावेत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. घरात पंप-इस्त्री चालू असूनही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य येत असेल तर खूश होऊ नका. बहुधा कुणीतरी सॉकेटमध्येच दोन्ही तारा जोडून ठेवल्या आहेत, आणि ते जिवावर बेतणारं आहे. वायरमनकडून सोडवून घ्या. अर्थ नसेल तर कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात, आणि तोच दाब एचडीएमआय जोडताना टीव्हीच्या पोर्टमध्ये शिरतो. पोर्ट जळण्याचं हे नेहमीचं कारण. म्हणून एचडीएमआय जोडायची-काढायची ती दोन्हीकडचे प्लग काढूनच.

घरात इन्व्हर्टर असेल तर तो साईन वेव्हचा हवा. चौकोनी वेव्हवर अँप्लिफायर गुणगुणतो. इन्व्हर्टरच्या मागचं बटण 'यूपीएस'वर ठेवा. त्या स्थितीत बॅटरीवर जायला साधारण १०-१५ मिलिसेकंद लागतात, 'इको' किंवा 'वाइड'वर ४० पर्यंत. डेस्कटॉपचा नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस पूर्ण भाराला साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, म्हणून एकावर पीसी टिकतो आणि दुसऱ्यावर बंद पडू शकतो. 'यूपीएस'वर एक त्रास आहे: व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरी खायला लागतो. संध्याकाळी रोजच दाब पडत असेल तर इन्व्हर्टर 'वाइड'वर ठेवून पीसीला वेगळा ६०० व्हीएचा यूपीएस देणं बरं. बायॉसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते, ती 'बंद राहा' अशी ठेवा. वीज येते-जाते करत असताना पीसी दर वेळी उठत राहणं डिस्कला मानवत नाही.

विजांचं वेळापत्रक आपल्याकडे ठरलेलं आहे: मे-जूनचा वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस. भर जुलै-ऑगस्टमध्ये गडगडाट कमीच असतो. त्यामुळे पावसाळ्यात चालू ठेवा हा सल्ला या दोन टोकांच्या महिन्यांना लागू नाही. ढग वाजायला लागले की प्लग काढा, आणि फक्त विजेचा नाही. डिशच्या छत्रीची केबल आणि लॅनची वायरही काढा. बटण बंद केलं, पण छत्रीची केबल सेट-टॉप बॉक्सला तशीच राहिली, तर तिथून आलेला झटका एचडीएमआयवाटे टीव्हीत आणि टीव्हीतून पीसीत जातो.

कॅबिनेट धातूचं, लहान, वर जाळी असलेलं. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ती पावसाळ्यात ओल धरते. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यातही नको, एप्रिलमध्ये बिनपंख्याचा प्रोसेसर तिथे तापून मंदावतो. वर निदान दहा सेंटिमीटर मोकळे सोडा. मागची पत्र्याची पट्टी नीट दाबून बसवा आणि मोकळ्या खाचा झाका, नाहीतर मुंग्या आणि पाली ऊब शोधत येतात.

चिऱ्याच्या जाड भिंतींतून वाय-फाय धड पोचत नाही. राउटर ओटीवर आणि टीव्ही माजघरात असेल तर कॅट-६ची वायर ओढाच. रिमोटसाठी लक्षात ठेवा, पीसीच्या एचडीएमआयमधून टीव्हीचा रिमोट सहसा चालत नाही. फ्लर्कसारखा यूएसबी रिसीव्हर लावला की घरातला कुठलाही जुना रिमोट शिकवता येतो. वायरलेस कीबोर्डचा डोंगल निळ्या यूएसबी ३.० पोर्टात लावू नका, शेजारच्या डिस्कच्या गडबडीत २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल तुटतो आणि अक्षरं गळतात.

सॉफ्टवेअरमध्ये एन१०० वर लिबरइलेक ही छोटी लिनक्स सिस्टिम टाका, ती थेट कोडी या सिनेमे चालवणाऱ्या प्रोग्राममध्येच उघडते. दोन सेटिंग लगेच बदला. एक, सिनेमा सुरू होताना पडद्याचा रिफ्रेश रेट त्याप्रमाणे बदलायला सांगा, नाहीतर २४ फ्रेमचा सिनेमा ६० हर्ट्झवर कॅमेरा फिरताना हिसके देतो. दोन, आवाज 'पासथ्रू' करा, म्हणजे तो न बदलता जसाच्या तसा साउंडबारकडे किंवा अँप्लिफायरकडे जातो. मराठी सबटायटल चौकोन-चौकोन दिसत असतील तर फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा आणि नोटो सान्स देवनागरी फॉन्ट निवडा.

भाग कोल्हापूरहून आणा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणा की कुरिअरने मागवा, सगळे एकाच वेळी घ्या आणि परतीची मुदत संपायच्या आत जोडून बघा. डिस्क महिनाभर खोक्यात ठेवून बोर्डची वाट बघण्यात अर्थ नाही. जोडणी ऑक्टोबर ते मे या काळात झालेली बरी. पावसाळ्यातच करायची तर खोके उघडण्याआधी तास-दोन तास खोलीतच राहू द्या, आणि एसी लावलेल्या गाडीतून आणलेला थंड बोर्ड लगेच कधीच चालू करू नका. त्यावर डोळ्यांना न दिसणारं दव धरलेलं असतं. पहिल्या दिवशी फोर-केची मोठी फाइल दोन तास सलग चालवा, तापमान बघा, मग डिस्कची पूर्ण तपासणी रात्रभर लावून ठेवा. दरवर्षी ऑक्टोबरात पाऊस थांबला की कॅबिनेट उघडून मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, आणि रॅमची पट्टी एकदा काढून परत बसवा.