तुम्ही विचारलंत म्हणून: अंटार्क्टिकाची टूर मी बंद का केली

रंकाळ्यावर फिरायला गेलं तरी कुणीतरी गाठतंच. "ताई, पुण्या-मुंबईचे नेतात, तुम्हीही एकदा नेलंत, मग बंद का केलं?" आजवर 'परवडत नाही' म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं होतं. चांगलं परवडत होतं.

नियम ढिले होते म्हणावं, तर तसंही नाही. एका जागी एका वेळी किनाऱ्यावर १०० च माणसं, ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कुणालाच उतरवत नाहीत, पेंग्विनपासून ५ मीटर लांब राहायचं. माहितीपत्रकात हे मीच छापलं होतं.

बाहेरचं बी तिथं जाऊ नये म्हणून उतरायच्या आधी जहाजावर बॅगा, खिसे व्हॅक्यूमने साफ करतात, वेल्क्रोत अडकलेलं चिमट्याने काढतात, मग फॉर्मवर सही. आमच्यातल्या एका काकूंच्या बॅगेची चेन अडकली होती, एका काकांना चष्म्याशिवाय काही दिसत नव्हतं. बाराही जणांचं मी करून दिलं. माझी कॅमेऱ्याची बॅग 'घरी झटकलीय की' म्हणून तशीच राहिली. सही मात्र ठोकली.

डिसेप्शन बेटावर उतरलो. हा ज्वालामुखी, काळी वाळू, काही ठिकाणी जमिनीतून वाफ. १९३१ मध्ये बंद पडलेल्या देवमाशांच्या कारखान्याच्या गंजक्या टाक्या अजून उभ्या आहेत. फोटो काढायला बॅगेचं झाकण उघडलं, तर वेल्क्रोत तीन कुसळं. नोव्हेंबरात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर हीच बॅग गवतात टाकून बसले होते. दोन चिमटीत धरून खिशात घातली. तिसरं हातमोज्यावर आलं, आणि वारा आला.

मी वाळूत वाकून शोधत राहिले. काळ्या वाळूत काय दिसणार? गाइड दहा पावलांवर उभा होता. त्याने विचारलं, "काही हरवलं?" मी म्हणाले, "लेन्सचं झाकण."

कुसळ-मुसळाची म्हण कृपा करून कुणी ऐकवू नका, नवऱ्याने ऐकवून झाली आहे.

आपल्याकडचं गवत तिथं जगणार नाही, हे मलाही कळतं. बहुतेक नाहीच. पण पोआ अॅन्युआ नावाचं साधं गवत माणसांबरोबर अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटावर पोचलं, १९८० च्या दशकात पोलंडच्या तळाजवळ रुजलेलं सापडलं, आणि पुढे ते उपटायला माणसं लावावी लागली. आणि मी पाडलं कुठे? तर जमीन कोमट असते त्याच बेटावर. एका हंगामात अंटार्क्टिकाला १ लाखाहून जास्त पर्यटक जातात. त्यातल्या किती जणांनी माझ्यासारखी सही केली असेल?

"मग स्वालबार्डला न्या," असंही सुचवतात, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या नॉर्वेच्या बेटांवर. तिथं २०२५ पासून संरक्षित भागात २०० हून जास्त प्रवाशांचं जहाज जाऊ देत नाहीत, ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहावं लागतं. चांगलंच आहे. पण माझी अडचण नियमाची नाहीच. घाईत सही करणारी बाई तिथंही मीच असणार.

'जो बघतो तो जपतो,' असं मी तेव्हा ग्राहकांना सांगायचे. परत आल्यावर आमच्या ग्रुपवर आठवडाभरात अलास्काच्या ऑफर फिरू लागल्या, तेव्हा त्या वाक्याची लाज वाटली. पण त्यातलेच चष्मेवाले काका आता मसाई पठारावर फुलांतून बाइक घालणाऱ्या पोरांना आडवे होतात, शिव्या खातात. ते अंटार्क्टिकाला गेले नसते तर आडवे झाले असते का? कुणास ठाऊक.

गेल्या महिन्यात त्यांचाच फोन आला. नातीला पेंग्विन दाखवायचेत, तूच ने म्हणाले. मी "बघू" म्हणाले. नाही म्हणाले नाही.