रेक्याविकची रात्र: बारची रांग सोडा, गाणं धरा

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. शुक्रवार-शनिवारी मध्यरात्रीनंतर रेक्याविकच्या लॉयगावेगुर रस्त्यावर बार पालथे घालायचा बेत असेल तर तो खुशाल रद्द करा. तेच पैसे संध्याकाळी आठ ते अकराच्या दरम्यान कुठल्यातरी छोट्या सभागृहात गाणंबजावणं ऐकण्यावर घाला. आईसलँडच्या ‘वेड्या रात्रीं’चे व्हिडिओ पाहून आम्ही गेलो होतो. त्या व्हिडिओंत रांग दाखवत नाहीत, वारा दाखवत नाहीत आणि पहाटेची टॅक्सी तर अजिबातच दाखवत नाहीत.

नोव्हेंबरची अखेर होती. दुपारी चारला अंधार. सोबत मावसभाऊ, जो कोपनहेगनला नोकरी करतो आणि त्यामुळे उत्तरेकडचं सगळं आपल्याला कळतं असं धरून चालतो. दिवसा धबधबे, गरम पाण्याची कारंजी वगैरे नेहमीचं सगळं पाहिलं, छान आहे, त्यावर लिहिणारे ढिगाने आहेत. मी फक्त रात्रींबद्दल लिहितोय. थर्मल, वॉटरप्रूफ जॅकेट, चांगले बूट आणि दोन-तीन तास उभं राहायची ताकद तुमच्याकडे आहे हे गृहीत धरतो. छत्री नेऊ नका, पाऊस आडवा येतो.

पहिला फटका सुपरमार्केटमध्ये बसतो. भावाने मोठ्या आनंदाने बियरचे सहा कॅन उचलून आणले, तेही अपेक्षेपेक्षा स्वस्तात. रूमवर दोन-दोन रिचवले तरी ढिम्म काही होईना. तेव्हा कॅनवरचं बारीक अक्षर वाचलं: २.२५ टक्के. इथे किराणा दुकानात त्याहून कडक काही विकायची परवानगीच नाही. खरी बियर, वाइन, दारू सरकारी दुकानात, वीनबुदिनमध्ये. ती संध्याकाळी लवकर बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. शिवाय वयाची अट २० आहे, १८ नाही. कॉलेजच्या पोरांना घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, दारावर पासपोर्ट मागतात. स्थानिक लोक काय करतात ते केफ्लाविक विमानतळावर उतरल्या उतरल्या दिसतं. बॅगा यायच्या आधीच सगळे ड्यूटी फ्रीच्या टोपल्या भरत असतात. तुम्हीही तेच करा. परदेशातून येणाऱ्यांसाठी किती बाटल्या चालतात तो तक्ता तिथेच लावलेला असतो.

एवढा कडकपणा कशासाठी, तर या देशाने १९१५ साली दारूबंदी केली. १९२२ मध्ये वाइन सुटली, तीही स्पेनमुळे: आमची वाइन घेणार नसाल तर तुमचे खारवलेले मासे आम्ही घेत नाही, असं स्पेनने बजावलं होतं. १९३५ मध्ये कडक दारू सुटली. बियर मात्र १ मार्च १९८९ पर्यंत बंदच. म्हणजे व्हिस्की चालेल, बियर नाही! आपल्याकडच्या परमिट रूमच्या नियमांना हसणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. ऐंशीच्या दशकात पबवाले बिनदारूच्या बियरमध्ये कडक दारू मिसळून ‘बियरसारखं काहीतरी’ विकायचे, पुढे त्यावरही बंदी आली. त्या काळातल्या पहिल्या पबांपैकी एक १९८३ साली सुरू झाला, त्याच जागी त्रिग्वागाता रस्त्यावर आज गॉयकुरिन आहे. तिथे वरच्या मजल्यावर मेटल, पंक, ड्रॅग (पुरुषांनी बाईचा किंवा बायकांनी पुरुषाचा भडक वेश करून केलेले कार्यक्रम), स्टँडअप असं सगळं चालतं. भिंती काळ्या, ध्वनी दणदणीत, कुणी कुणाकडे बघत नाही. मला आवडलं.

आता दर. बारमध्ये बियरचा मोठा ग्लास दीड हजार क्रोनांच्या आसपास, म्हणजे आपले साधारण हजार रुपये. कॉकटेलचं नाव काढू नका. हॅपी अवर बहुतेक ठिकाणी दुपारी चार ते सात असतो आणि तेव्हा हीच बियर बरीच उतरते. दोन ग्लास पिणारा माणूस चार वाजता बसला तर सातपर्यंत त्याचं काम होतं. टिप द्यायची पद्धत नाही. रोकड नसली तरी चालतं, कार्डाचा पिन मात्र पाठ हवा. ब्रेन्नीवीन एकदा चाखा, ओव्याच्या जवळचा वास येणारी शहाजिऱ्याची दारू आहे. दुसरा पेग मागवलात तर ती तुमची मर्जी.

मग शनिवारची ती रात्र. भावाचा हट्ट: “दादा, इथली माणसं बारानंतर बाहेर पडतात, आपण दहाला झोपलो तर इथवर आलोच कशाला?” माणसं बारानंतर बाहेर पडतात हे खरं आहे. बारचे दर परवडत नाहीत म्हणून आधी कुणाच्या तरी घरी पिऊन घेतात आणि मग येतात. शनिवार-रविवारच्या पहाटे साडेचारपर्यंत बार उघडे असतात, एरवी एकला बंद. म्हणजे सगळं शहर बारा ते साडेचार या वेळात त्याच दोन-तीन रस्त्यांवर. आणि बार केवढे? काफ्फीबारिन घ्या. लाल पत्र्याचं जुनं घर, दारावर लंडनच्या भुयारी रेल्वेची खूण. नाव जगभर, आत खालच्या मजल्यावर एखाद्या चाळीतल्या दोन खोल्यांएवढी जागा. आत गेलात तर मजा आहे: मेणबत्त्या, टेबलं बाजूला सारून केलेला नाच, खिडकीच्या कट्ट्यावर कोटांचा ओला ढीग आणि त्यात आपला कोट शोधणारे दहा जण. पण आत जाणार कधी?

आम्ही एका बारबाहेर, नाव घेत नाही, रांगेत उभे राहिलो. दोन जण बाहेर आले की दोन आत. वारा समुद्राकडून थेट तोंडावर. पुढच्या मुली बिनमोज्यांच्या पायांनी उभ्या, गाणं म्हणतायत. मी टोपीवर टोपी घालून दात वाजवतोय. पाऊण तासाने दारापाशी पोचलो तर दारवान ओळखीच्या लोकांना बाजूने आत सोडत होता. हे इथे सर्रास आहे, त्यावर वाद घालून काही मिळत नाही. शेवटी आत गेलो तेव्हा अडीच वाजले होते. ऐकू काहीच येत नव्हतं, एक बियर हातात घेतली ती निम्मी दुसऱ्याच्या पाठीवर सांडली.

साडेचारला दिवे लागतात आणि सगळे बार एकदम रस्त्यावर रिकामे होतात. इथून पुढचं नीट वाचा. मधल्या भागात लॉयगावेगुरचा फुटपाथ कोरडा असतो, कारण घरं तापवून उरलेलं गरम पाणी खालच्या पाइपांतून खेळवलेलं आहे. त्या भरवशावर तुम्ही उतारावरच्या बाजूच्या गल्लीत वळता, तिथे पाइप नाहीत, आणि पुढच्या क्षणी तुम्ही बर्फाच्या काचेवर बसलेले असता. भाऊ बसला. बुटांना लावायचे रबरी काटे तिथल्या दुकानांत मिळतात, पहिल्याच दिवशी घ्या. कंबर घेऊन परत येण्यापेक्षा स्वस्त पडतात.

आमचं हॉटेल मध्यवस्तीपासून तीनेक किलोमीटर होतं. चालत सहज झालं असतं, पण भाऊ लंगडत होता म्हणून टॅक्सी केली. रांगेतली नाही, फिरती, खिडकी खाली करून “कुठे?” विचारणारी. मीटर बंद. विचारलं तर म्हणाला मशीनवर येईल. हॉटेलसमोर त्याने कार्डाचं मशीन पुढे केलं, त्यावर ९,८०० क्रोना. साडेसहा हजार रुपये, तीन किलोमीटरला! मी म्हणालो हे कसलं भाडं, तो म्हणाला नाइट रेट. मी म्हणालो दरपत्रक दाखव, तो म्हणाला कार्ड लावा, मागे गाड्या थांबल्यात. मागे एकही गाडी नव्हती. भाऊ म्हणाला, “दादा, दे आणि चल, पाय सुजतोय.” दिले. सकाळी रिसेप्शनवरच्या मुलीने आकडा ऐकला आणि नुसत्या भुवया वर केल्या. याच्या एक तृतीयांशातही बसलं असतं, म्हणाली. आजही जेवताना तो आकडा आठवला की माझा घास अडकतो.

तर टॅक्सीचे नियम, माझ्या खिशातून: बसण्याआधी भाडं तोंडी नाही, आकड्यात ठरवा. तसं ठरलं नसेल तर मीटर चालू झाल्याचं डोळ्यांनी पाहा. गाडीवरच्या दरपत्रकाचा फोटो काढा, निम्मी लबाडी त्या फोटोनेच थांबते. अ‍ॅपवरून किंवा फोन करून बोलावलेली गाडी रस्त्यावर हेरणाऱ्या गाडीपेक्षा बरी. पावती मागा. विमानतळावरून शहरात येताना तर टॅक्सीच नको. केफ्लाविक जवळजवळ पन्नास किलोमीटर लांब आहे, विमानांच्या वेळेनुसार सुटणाऱ्या बस आहेत, त्या धरा. आठवड्याअखेरीस शहरातून उपनगरांकडे रात्रीच्या बसही सुटतात, पण मोजक्या, त्यामुळे बसच्या तिकिटांचं क्लाप हे अ‍ॅप आधीच फोनवर घ्या. आणि भाड्याची गाडी घेऊन बारमध्ये जायचा विचारही नको. २०२० पासून गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या दारूची मर्यादा ०.२ प्रति हजार आहे, एका बियरनेही ओलांडू शकते.

हे सगळं झाल्यावर ज्याच्यासाठी मी पुन्हा जाईन ते सांगतो.

ओदिन्सगाता रस्त्यावर मेंगी नावाची जागा आहे. दुकानाएवढी खोली, खुर्च्या मांडलेल्या, मंच जवळपास नाहीच. आम्ही गेलो त्या संध्याकाळी एक बाई पायपेटी वाजवत होती. मी पहिल्या रांगेत, तिच्या बुटांपासून हातभर अंतरावर. भात्याचा श्वास सुरांच्या आधी ऐकू यायचा, पायपट्टीचं लाकूड करकरायचं, आणि तिने तो करकर आवाजच मायक्रोफोनमध्ये पकडून पुन्हापुन्हा वाजवत त्याचा ठेका केला. तासाभरात एकही फोन वर आला नाही. तिकीट बारमधल्या दोन-तीन बियरएवढं. भाऊ, जो आत येताना कुरकुरत होता, तो बाहेर पडल्यावर बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या बाबतीत हे फार मोठं आहे.

हार्पा ही बंदरावरची काचेची इमारत फोटोंत पाहिली असेलच. २००८ च्या आर्थिक पडझडीत काम अडकलं होतं, २०११ मध्ये उघडली. लोक लॉबीत फोटो काढून निघून जातात, हा शुद्ध वेडेपणा आहे. आत सिम्फनी ऑर्केस्ट्राचं घर आहे, शिवाय मूलिन हा जॅझ क्लब वरच्या मजल्यावर बहुधा बुधवारी मैफल करतो, मागे बंदराचे दिवे. तळ्याकाठचं इद्नो हे १८९७ चं लाकडी नाट्यगृह, तिथे काही असेल तर न विचारता तिकीट काढा. तिकिटं बहुतेक सगळी टिक्स या साइटवर मिळतात, आणि रोज कुठे काय आहे ते ग्रेपवाइन या फुकट इंग्रजी नियतकालिकात असतं.

आईसलँड एअरवेव्हज हा महोत्सव नोव्हेंबरच्या सुरुवातीला असतो. १९९९ साली रेक्याविक विमानतळावरच्या एका हँगरमध्ये सुरू झाला, आता शहरभरच्या सभागृहांत भरतो. महोत्सवाचा पास म्हणून मिळणारा मनगटी पट्टा घेतला म्हणजे प्रत्येक ठिकाणी आत सोडतील असं नाही, जागा भरली की दार बंद. म्हणून मोठ्या नावामागे धावू नका. एक जागा धरून बसा आणि तिथे जे येईल ते ऐका. इथले अनेक बँड मूसिकतिलरॉयनिर या नवोदितांच्या स्पर्धेतून आले. ‘ऑफ मॉन्स्टर्स अँड मेन’ २०१० चे विजेते. दुपारी स्कोलावोर्दुस्तीगुर चढावर टोल्फ तोनार हे रेकॉर्डचं दुकान आहे, तिथे बसून रेकॉर्ड ऐकता येतात. कोण ऐकायचं हे काउंटरवरच्या माणसाला विचारा, तो थकत नाही.

रात्रीचं खाणं: त्रिग्वागातावरची बायारिन्स बेस्तुची १९३७ पासूनची हॉट डॉगची टपरी. सगळं घालून मागा, खाली कच्चा कांदा आणि कुरकुरीत तळलेला कांदा, वर गोडसर मोहरी आणि रेमुलाद, म्हणजे मेयोनेजसारखा सॉस. मांस मुख्यतः मेंढीचं, पण डुक्कर आणि गायीचंही असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी सावध राहा. शाकाहाऱ्यांना इंगोल्फस्तोर्ग चौकाजवळ फलाफल मिळतं.

जून-जुलैत जाणाऱ्यांना वाऱ्याचा त्रास कमी, पण बारमधून बाहेर पडाल तेव्हा लख्ख उजेड असेल. हॉटेलचे पडदे जाड आहेत का ते बुकिंगआधी विचारा. आणि डोकं जड असेल तर दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानात नाही, सुंदहॉलिनला जा, १९३७ चा सार्वजनिक पोहण्याचा तलाव, गरम पाण्याच्या कुंडांसकट. आत जाण्याआधी कपडे न घालता साबणाने अंघोळ सक्तीची आहे, कुठे कुठे घासायचं त्याचं चित्रही भिंतीवर लावलेलं असतं. पोहण्याचा पोशाख घालून शॉवर उरकायला गेलात तर परत पाठवतात.