पाझराच्या नावावर खपणारी बाकी
डोंगरातल्या तलावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायला घेतला तेव्हा समीकरण पाठच होतं: ओढे, पाऊस आणि हिम मिळून जेवढं आलं, त्यातून बाष्पीभवन आणि पाझर (तळातून जमिनीत मुरणारं पाणी) वजा केला की साठ्यातला फरक. तलाव साडेचार हजार मीटरवर, बाहेर जाणारा प्रवाह नाही. म्हणजे एक रकाना आपोआप शून्य. बाकीच्यांनी घाम काढला.

पातळीवरून घनफळ काढणं सोपं; तळाची मोजणी आधीच झालेली होती. हिमवितळीचे ओढे दुपारनंतर फुगतात, पहाटे ओसरतात, त्यामुळे मापं दिवसभर घ्यायची, बस्स.

बाष्पीभवनाशी खरी झटापट झाली. ऊन, वारा, तापमान आणि आर्द्रतेवरून बाष्पीभवन काढणारं पेनमनचं १९४८चं सूत्र घेतलं, पण इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७ टक्के. सूत्रातला दाबावर ठरणारा स्थिरांक त्याप्रमाणे कमी करावाच लागतो. शिवाय खोल पाणी उन्हाळाभर उष्णता साठवतं आणि ऊन उतरल्यावर ती सोडत बसतं. चौरस मीटरमागे २८ वॅट अहोरात्र खर्ची पडले की दिवसाला एक मिलिमीटर पाणी उडतं. साठलेली उष्णता धरली नाही, तर शरदातलं बाष्पीभवन सरळ हिशेबातून गळतं.

एवढं करून जी बाकी उरते ती ‘भूजल’ म्हणून टाकून मोकळं व्हायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. मापकात न पडलेलं हिम, ओढ्याच्या मापातली कसर, सगळं तिथेच जमा होतं आणि ताळेबंद चोख जुळतो. (जुळणारच; जुळवलेलाच असतो.)

म्हणून हिवाळ्याची नोंद वेगळी काढली. तलाव गोठलेला, ओढे थिजलेले, उघडं पाणी नाही. तळाशी ठेवलेल्या प्रेशर सेन्सरच्या आकड्यांतून हवेचा दाब वजा केला, तर उरलेली पाण्याच्या वजनाची रेघ संथपणे उतरत होती: मुख्यतः पाझर, थोडं बर्फाचं थेट बाष्प होणं. मध्येच पायऱ्या. हिम पडलं की तरंगत्या बर्फावर वजन येतं आणि सेन्सर ते नोंदवतो, तेही अख्ख्या तलावाची सरासरी म्हणून. त्याच दिवशी काठावरचा पर्जन्यमापक जवळजवळ कोरडा, कारण वारा हिम त्याच्या तोंडावरून उडवून नेतो. काठाला बर्फ तळावर टेकतो, तेवढी पट्टी मात्र वगळावी लागते.

पायऱ्यांवरून हिमवृष्टी, मधल्या उतारावरून पाझर ठरवला. उन्हाळ्यातही पाझर तेवढाच राहतो हे गृहीतक आहे, तसं अहवालात लिहिलंय. उन्हाळी बाकी अजून उरते. ती ‘बाकी’ याच नावानं वेगळ्या रकान्यात छापली आहे.