जुना डेस्कटॉप, लिनक्स मिंट आणि आईचं मराठी टायपिंग : माझा अनुभव

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि ठाण्याला आई-बाबांकडे असलेला डेस्कटॉप नेमका त्यावरच चालत होता. मशीनमध्ये चौथ्या पिढीचा आय-थ्री. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, शिवाय इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. वर्षभराची वाढीव मुदत मिळत होती, पण तिने प्रश्न पुढे ढकलला गेला असता, सुटला नसता. दुकानात विचारलं तर सरळ "नवीनच घ्या" असं उत्तर आलं. मशीन मात्र ठणठणीत होतं. मदरबोर्ड चांगला, मॉनिटर चांगला, कीबोर्डवर आईचा हात बसलेला. असं मशीन भंगारात द्यायला माझं मन तयार होईना, म्हणून लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम, टाकायचं ठरवलं.

सुरुवात मी कॉम्प्युटरपासून केली नाही. आई-बाबांना समोर बसवलं आणि या मशीनवर तुम्ही नक्की काय काय करता, ते कागदावर लिहून घेतलं. कुणालाही मी हेच सांगेन, कारण इन्स्टॉल करणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. घरातली माणसं रोज काय वापरतात ते आधी कळलं नाही, तर सगळं व्यवस्थित बसवूनही चौथ्या दिवशी "आमचं जुनंच बरं होतं" ऐकावं लागतं. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांची मेंटेनन्सची बिलं एक्सेलमध्ये, बँक आणि इन्कम टॅक्सचं काम ब्राउझरमध्ये, आणि प्रिंटर. आईची यादी वेगळी. ती मराठी ग्रंथ संग्रहालयातून पुस्तकं आणते आणि त्यांची टिपणं टाइप करून ठेवते. सी-डॅकच्या आयएसएम या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामवर इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकलेली, त्यामुळे कित्येक वर्षांच्या जुन्या फायली 'योगेश' फॉन्टमध्ये. आयएसएम लिनक्सवर चालत नाही. म्हणजे खरा प्रश्न आईच्या यादीत होता.

लिनक्समध्ये पर्याय भरपूर आहेत. मी त्यातलं मिंट निवडलं, सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपचं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. विंडोजवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला इथे वाट शोधावी लागत नाही. मिंट २२ ही मालिका उबंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर आधारलेली आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, हेही महत्त्वाचं वाटलं. रॅम किमान २ जीबी लागते, ४ असेल तर बरं. आमच्याकडे ४ होती, मी डीडीआर-थ्रीची आणखी ४ ची स्टिक टाकली. रॅम वाढवायची नसेल तर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी, ती हलकी आहे.

बाबांनी विचारलं, "फुकट आहे? मग यांचं चालतं कशावर?" प्रश्न रास्त होता. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये फिनलंडमध्ये शिकत असताना लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लिहायला घेतलं आणि लवकरच ते जीपीएल परवान्याखाली खुलं केलं. कुणीही वाचावं, बदलावं, वाटावं. आज त्यावर जगभरचे सर्व्हर चालतात, म्हणून मोठमोठ्या कंपन्या पगारी माणसं लावून त्यावर काम करतात. मिंटची टीम छोटी आहे, ती देणग्यांवर आणि प्रायोजकांवर चालते. हे ऐकून बाबा म्हणाले, "मग आपणही थोडे पाठवू." मला फार बरं वाटलं.

मिंट बसवायची फाइल साधारण ३ जीबीची. उतरवल्यावर तिची शा-२५६ बेरीज (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण) मिंटच्या साइटवरच्या आकड्यांशी ताडून पाहिली. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉल करताना मध्येच दगा देते, तेव्हा ही दोन मिनिटं कुणी वाचवू नयेत. मग एचर नावाच्या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर लिहिली. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं यात पुसलं जातं, हे लक्षात असू द्या. या पेनड्राइव्हवरून मिंट थेट चालतं, हार्ड डिस्कला हातही लागत नाही. आई-बाबांना मी आधी तसंच वापरायला दिलं. प्रिंटर दिसतोय का, आवाज येतोय का, युट्यूब नीट चालतंय का, सगळं तिथेच कळलं. फक्त वायफाय दिसेना, त्याबद्दल पुढे लिहिते.

आता यातला सगळ्यात मोलाचा निर्णय. जुन्या हार्ड डिस्कचे तुकडे पाडून दोन्ही सिस्टिम शेजारी बसवायच्या नाहीत असं मी ठरवलं. २४० जीबीची साटा एसएसडी आणली. कॅबिनेट उघडलं, धूळ काढली, नवी एसएसडी जोडली आणि जुन्या डिस्कची साटा केबल मदरबोर्डवरून काढून बाजूला ठेवली. इन्स्टॉलरला जी डिस्क दिसतच नाही ती तो पुसणार कशी? शिवाय दोन डिस्क जोडलेल्या असल्या की बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) कधी कधी जुन्या डिस्कवर जाऊन बसतो, आणि पुढे ती डिस्क काढली की नवी सिस्टिम सुरूच होत नाही. केबल काढली की हा धोकाही जातो. आईच्या टिपणांची आणि बाबांच्या बिलांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आधीच घेतली होती, ती वेगळी. पावसाळी हवा, वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून युपीएसची बॅटरीही तपासून घेतली.

मशीन सुरू होताना बूट मेनूची कळ दाबायची. ती प्रत्येक बोर्डाची वेगळी: गिगाबाइटला एफ-१२, असुसला एफ-८, एमएसआयला एफ-११. मेनूत आमचा पेनड्राइव्ह दोनदा दिसला, एकदा नुसता आणि एकदा नावापुढे 'यूईएफआय' लावून. तो एकच ड्राइव्ह आहे, पण सुरू करण्याच्या पद्धती दोन आहेत. ज्या पद्धतीने पेनड्राइव्ह सुरू कराल त्याच पद्धतीने सिस्टिम बसते. कोऱ्या एसएसडीसाठी मी यूईएफआयवाली, म्हणजे नव्या पद्धतीची, ओळ निवडली.

इन्स्टॉलरचे प्रश्न मोजकेच. भाषांच्या यादीत मराठी आहे. मी आईला विचारलं, पण तिला मेनू इंग्रजीच हवे होते, सवयीचे. कीबोर्डच्या जागी 'इंग्लिश, इंडिया, विथ रुपी' निवडावं. पहिलाच कीबोर्ड मराठी ठेवला तर पासवर्ड टाकताना पंचाईत होते, आणि या मांडणीत उजवा ऑल्ट धरून ४ दाबलं की ₹ उमटतं, बाबांच्या बिलांना ते हवंच होतं. मल्टिमीडिया कोडेक्सच्या (गाणी-व्हिडिओ चालायला ते लागतात) चौकोनात खूण करावी. मग 'इरेज डिस्क'. हे दाबल्यावर एक खिडकी येते आणि कुठल्या डिस्कवर कोणते विभाग तयार होणार ते सांगते. तिथे थांबून डिस्कचा आकार वाचला, २४० जीबीचीच आहे ना ते पाहिलं, मग पुढे गेले. नकाशावर ठाण्याच्या आसपास क्लिक केलं तरी खाली 'कोलकाता' लिहून येतं. भारतीय वेळेचं तिथलं नावच ते आहे, बदलायच्या भानगडीत पडू नये. नाव, पासवर्ड, आणि चहा होईपर्यंत काम झालं.

वायफायचा किस्सा जरा सविस्तर सांगते, कारण अनेक घरी हीच अडचण येते. डेस्कटॉपला वायफाय नसतं, आपण स्वस्तातला यूएसबी डोंगल लावतो. आमचा डोंगल लावला की डेस्कटॉपवर एक सीडी दिसायची आणि नेटवर्क काही दिसायचं नाही. या डोंगलमध्ये विंडोजचा ड्रायव्हर साठवलेला असतो आणि लावल्या लावल्या डोंगल स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून पुढे करतो. विंडोजमध्ये ड्रायव्हर बसला की त्याचं रूप बदलतं. लिनक्समध्ये त्या सीडीवर उजवी क्लिक करून 'इजेक्ट' केलं, आणि काही सेकंदांत घराच्या वायफायचं नाव यादीत आलं. आत ड्रायव्हर कर्नलमध्ये तयारच होता! दर वेळी इजेक्ट करावं लागू नये म्हणून मोडस्विच नावाच्या सोयीत एक नियम लिहून ठेवला. तोवर इंटरनेटसाठी फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू केलं होतं. अँड्रॉइड फोन असा जोडला की मिंट त्याला लगेच ओळखतं. वायफाय अडलं तर आधी हेच करावं.

आता आईचं काम. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट जोडलं आणि ऑल्ट-शिफ्टने अदलाबदल ठेवली. आई बसली. इन्स्क्रिप्ट ही भारत सरकारने प्रमाण ठरवलेली मांडणी आहे. आयएसएममध्ये होती तीच इथेही. क च्या जागी क, शिफ्टबरोबर ख. ळ साठी शिफ्ट आणि एन. 'दुसऱ्या' लिहिताना शिफ्ट-जे ने ऱ, मग हलन्त, मग य. तिने खाली न बघता एक परिच्छेद टाइप केला आणि मान हलवली. पण लगेच चष्मा सारखा करून म्हणाली, "अगं, हा ल हिंदीतला आहे. आणि श पण. आपला नाही."

तिचं अगदी बरोबर होतं. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात हीच रूपं ठरवून दिली आहेत. नोटोसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, मजकूर मराठी आहे हे प्रोग्रामला सांगावं लागतं इतकंच. लिब्रेऑफिस या मिंटसोबत येणाऱ्या ऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्टसमोर (देवनागरीसारख्या लिप्या त्यात येतात) हिंदी होतं, तिथे मराठी केलं. पडद्यावरचे सगळे ल आणि श एकदम बदलले. आईचा चेहरा उजळला. मला वाटतं, तिने ही सिस्टिम आपली मानली ती त्या क्षणी. घरात कुणी मराठीत लिहिणारं असेल तर हे सेटिंग पहिल्याच दिवशी करा.

'योगेश'मधल्या जुन्या फायली उघडल्या तर नुसती टोप्या-टिंबं घातलेली परदेशी अक्षरं. या फायली युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरांच्या, नाहीत. त्यांत अक्षरांच्या जागी फॉन्टच्या आतले क्रमांक असतात, फॉन्ट नसला की अर्थ जातो. जुन्या डिस्कवरून फॉन्टची फाइल आणली, तिच्यावर डबल क्लिक केलं, 'इन्स्टॉल' दाबलं, आणि टिपणं वाचता आली. वाचण्यापुरतं एवढं पुरतं. शोधायला, फोनवर पाठवायला युनिकोडच लागतो.

बाबांचं काम त्या मानाने सरळ. प्रिंटर आपोआप सापडला होता. बिलांच्या फायलीतले व्हीलुकअप (दुसऱ्या तक्त्यातून आकडा शोधून आणणारी सूत्रं) लिब्रेऑफिसमध्ये जसेच्या तसे चालले. थकबाकीची पत्रं काढणारं मॅक्रो मात्र चालेना, ते काम मेल मर्जने करून दिलं. टॅलीवर हिशेब असणाऱ्यांनी मात्र आधी विचार करावा, टॅली लिनक्सवर सरळ बसत नाही.

सगळं जमल्यावर जुनी डिस्क परत जोडली. क्वचित लागलं तर बूट मेनूतून विंडोज सुरू करता येतं, इंटरनेटशिवाय. तसं केल्यावर विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं. बाबा म्हणाले, सेल गेला असेल. सेल चांगला होता. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिथली वेळ स्थानिक धरतं, आणि भारताचा फरक साडेपाच तासांचाच. टर्मिनलमध्ये एक आज्ञा देऊन लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद केलं, नाहीतर ती डिस्क लिनक्समधून फक्त वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही.

शेवटी टाइमशिफ्ट लावलं. एखादा अपडेट बिघडला तर ते सिस्टिम मागच्या स्थितीला नेतं. त्यात आपल्या फायली धरलेल्या नसतात, म्हणून आईचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर दर रविवारी वेगळं जातं. जुनी टिपणं युनिकोडमध्ये आणायचं काम सध्या सुरू आहे. कन्व्हर्टर बहुतेक मजकूर नीट देतो, पण रफार आणि पहिली वेलांटी अधूनमधून सरकते, जोडाक्षरंही तपासावी लागतात. प्रत्येक फाइल डोळ्यांखालून घालण्याचं काम आईने स्वतःकडे घेतलंय, आणि तपासून झालेल्या फायली ती वर्षाप्रमाणे नवीन फोल्डरमध्ये लावते आहे.