हयातीचा दाखला

परवा दुपारी बाबांचा हयातीचा दाखला घरबसल्या मोबाईलवर करून टाकला. पेन्शन चालू राहायची तर आपण जिवंत आहोत हे दरवर्षी दाखवावं लागतं, त्यामुळे नोव्हेंबर आला की पेन्शनरांच्या घरात हे काम असतंच, ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको. आधार, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, ओटीपी, मग चेहरा त्या गोलात बरोब्बर आणायचा, पापण्यांची उघडझाप करायची, झालं. बाबा म्हणाले, "बस? झालो जिवंत?" आणि परत पेपरात डोकं घातलं. मला मात्र आजीचा दाखला आठवला आणि ऑफिसचं काम राहिलं ते राहिलंच.

आजी टेलिफोन ऑपरेटर होती, साताऱ्याला. जन्म 1928 चा, नोकरीला लागली 1950 मध्ये, रिटायर झाली 1986 ला, कारण तेव्हा अठ्ठावन्नला घरी पाठवायचे. म्हणजे नोकरी छत्तीस वर्षं आणि त्यापुढे पेन्शन खाल्ली एकोणचाळीस वर्षं! हा हिशोब ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "सरकार माझ्यात बुडालं बघ." त्यात ऐंशीनंतर पेन्शन वाढते, ऐंशीला वीस टक्के, पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास आणि शंभराला एकदम शंभर टक्के, म्हणजे मूळ पेन्शन डबल. हे कोष्टक तिने डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. डॉक्टरने "काय आजी, कसं वाटतंय" विचारलं की ही म्हणायची, "चार वर्षं राहिलीत." डॉक्टर बिचारा घाबरून बाबांकडे बघायचा.

तर दाखला. पूर्वी नोव्हेंबरात बँकेत जाऊन साहेबासमोर सही केली की काम व्हायचं. आजी त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसायची, जिवंत दिसायला नको का! 2014 मध्ये ते जीवन प्रमाण आलं, म्हणजे डिजिटल दाखला, मशीनवर अंगठा. आजीचा अंगठा उमटेना. मग दुसरा हात, मग एकेक बोट, बोटं पुसून, परत दाबून. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, ठसेच येत नाहीयेत." आजी म्हणाली, "छत्तीस वर्षं कॉर्डी ओढल्यात, कुठून येणार?" कॉर्डी म्हणजे फोन जोडायच्या बोर्डावरच्या वायरी. खरं तर त्या काही बोटं झिजवत नाहीत, झिजवली असतील तर भांड्यांनी आणि वयाने, पण बाईंचा रुबाब असा की त्या मुलीने मुकाट्याने कागदी फॉर्म काढून दिला.

मग 2021 मध्ये चेहऱ्याने दाखला द्यायची सोय झाली. पुढच्या वेळी मी मुद्दाम साताऱ्याला गेले, म्हटलं घरीच करू. आजी खुर्चीत ताठ बसली, फोटो स्टुडिओत बसतात तशी, डोळे मोठ्ठे. स्क्रीनवर येतंय पापण्या मिटा. मी म्हटलं, "आजी, डोळे मिचकाव." ती ढिम्म. "अगं मिट डोळे." परत ढिम्म. शेवटी म्हणाली, "हयात आहे हे दाखवायला डोळे मिटायचे? हे कोणी ठरवलं?" मला हसू आवरेना, फोन हलला, चेहरा गोलाच्या बाहेर, परत पहिल्यापासून. झालं शेवटी. ऐंशीच्या वरच्यांना एक ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, बाबांना थांबावं लागायचं नोव्हेंबरपर्यंत. तर हिने लगेच मुलाला फोन लावला, "माझं झालं रे. तुझा नंबर पुढच्या महिन्यात." आणि ठेवला.

तिचा फोन म्हणजे एक प्रकरणच होतं. ट्रंक कॉलचा, म्हणजे ऑपरेटरकडून जोडून घ्यायच्या परगावच्या फोनचा, हिशोब तीन मिनिटांचा असायचा आणि तो तिच्या अंगात इतका मुरलेला की पुढे एसटीडी आलं, पिवळे बूथ आले आणि गेले, मोबाईल आले, अनलिमिटेड आलं, हिचे फोन तीन मिनिटांचेच. आधी "बोल." मग आपण बोलायचं, महत्त्वाचं आधी, तब्येत-बिब्येत नंतर. लहानपणी मी सुट्टीत तिच्याकडे असले की रात्री आई फोन करायची आणि आजी समोर घड्याळाकडे बघत उभी. मी रडवेली होऊन आईला सांगतेय की मला मांजर चावलंय, नाही, बोचकारलंय, आणि आईने काही विचारायच्या आत, "तीन झाली." फोन खाली. मांजराचं काय झालं ते आईला आठवड्याने कळलं. आता मलाही लांबलचक फोन सहन होत नाहीत. मैत्रिणी म्हणतात तुटक बोलतेस. बोलते, घराणंच तसं आहे.

गंमत म्हणजे ती सगळ्या साताऱ्याला फोन जोडून देत होती तेव्हा घरी फोन नव्हता. कोयनेचा भूकंप झाला, 11 डिसेंबर 1967, पहाटे साडेचारच्या आतबाहेर, तेव्हा बाबा तेरा वर्षांचे. आजोबा नव्हते आधीच दोन वर्षं. सगळा वाडा पांघरुणं घेऊन रस्त्यावर आलेला, बायका देवाचं नाव घेतायत, आणि आजीने बाबांना आणि आत्याला शेजारच्या काकूंच्या हवाली केलं, अंबाडा घातला आणि निघाली. ड्युटी सकाळी सातची. ही काळोखातच बोर्डावर. बाबा अजूनही हे सांगताना "आम्हाला टाकून गेली" असं म्हणतात, सत्तरी उलटली तरी. मी एकदा आजीला विचारलं होतं, भीती नाही का वाटली. तर म्हणाली, "बोर्डावरचे सगळे दिवे लागलेले. आधी कोणाला घ्यायचं एवढंच डोक्यात." मग थोड्या वेळाने, मी काही विचारलं नसताना, "लायटनिंगवाले सगळ्यात जोरात ओरडतात. मी आधी साधे कॉल घेतले." आता हे नियमात बसत होतं का? नसणार. लायटनिंग म्हणजे सगळ्यात महागडा कॉल, तो सगळ्यांच्या आधी लागायला हवा. मी पुढे विचारलं नाही.

एकटी राहायची हे सांगायचं राहिलंच. शेवटपर्यंत. "तुमच्याकडे येऊन मी काय करू, टीव्ही बघू?" असं म्हणायची. वर्षातून तीनचार वेळा पुण्याला यायची, तीही एकटी, एसटीने. न्यायला-आणायला कोणी यायचं नाही, सक्त ताकीद. अर्ध्या तिकिटाचासुद्धा तिला राग, "अर्धं तिकीट काय, मी शाळेत जाते का?" पण पैसे वाचतात हेही कळत होतं, त्यामुळे कार्ड कंडक्टरला दाखवताना चेहरा असा करायची की जणू त्याच्यावरच उपकार करतेय.

आणि बाबा स्वारगेटला जायचेच. फक्त न्यायला आलोय असं दाखवायचं नाही. सहज दिसल्यासारखं करायचं. "अरे, तू इकडे कुठे?" "छत्री दुरुस्तीला टाकायची होती." पुढच्या वेळी कुकरची रिंग. मग टॉर्चचे सेल, बुटाच्या लेस, एकदा तर एक कुलूप, ज्याची कडी आमच्या घरात कुठेच नाही. आणलेलं काहीतरी हातात हवं ना, नाहीतर खोटं पकडलं जाईल. आमच्या माळ्यावर स्वारगेट परिसरात घेतलेल्या निरुपयोगी वस्तूंचा एक खोका आहे, आई त्याला आजीचं प्रवासी सामान म्हणते.

साताऱ्यातही तेच चालू. सिलेंडर आला की खालच्या मजल्यावरचा मुलगा नेमका जिन्यात असायचा. दूधवाला किटली न वाजवता दार उघडेपर्यंत थांबायचा. समोरच्या काकू रोज सकाळी खिडकीतून बघायच्या, पडदा सरकला की बाबांना मेसेज, नुसता अंगठा. (हा अंगठा मात्र रोज उमटायचा.) एवढी माणसं राबत होती आजीचं स्वावलंबन टिकवायला. मला वाटायचं आपण काय बेमालूम नाटक करतोय.

एकदा बाबांना गाडी आली तरी आजी दिसेना. कंडक्टरच खाली उतरला, हातात तिची बॅग, आणि सरळ बाबांपाशी आला. बाबा म्हणाले, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणे, "आजी बोलल्या, चष्मेवाला उभा असेल, हातात कायतरी फालतू सामान असेल, त्याच्याकडे द्या." मागून आजी सावकाश उतरली, बाबांकडे बघितलं आणि काय म्हणावं? "अरे, तू इकडे कुठे?"

बाबा म्हणाले, "सेल घ्यायचे होते."

हे त्यानंतरही तसंच चालू राहिलं. दोघांनीही कधी विषय काढला नाही. आम्हीपण नाही.

शंभर काही झाली नाहीत. गेल्या फेब्रुवारीत गेली, सत्त्याण्णवावं चालू होतं, डबल पेन्शनला तीन वर्षं कमी पडली. आजारी वगैरे फार नव्हती, दोन दिवस जेवली नाही नीट आणि रात्री गेली. मग बाबा बँकेत मृत्यूचा दाखला घेऊन गेले, मी बरोबर. हयातीच्या दाखल्यासाठी जितका वेळ लागायचा त्याच्या निम्म्यातच काम झालं, त्यांना कोणाला डोळे मिटायला सांगावं लागलं नाही. शेवटच्या महिन्याच्या पेन्शनचा फॉर्म भरताना तिथले गृहस्थ म्हणाले, मृत्यूचा दिवस धरून पेन्शन मिळते, त्या दिवसाचे पैसे कापत नाहीत.

बाबांनी तारीख लिहिली आणि थांबले. आजी गेली रात्री सव्वाबाराला. म्हणजे त्या तारखेतली जेमतेम पंधरा मिनिटं, आणि पेन्शन अख्ख्या दिवसाची. बाबा एकदम मोठ्याने हसले, बँकेत, सगळे बघायला लागले. ट्रंक कॉलचंपण तसंच होतं म्हणे, अर्ध्या मिनिटात फोन ठेवलात तरी पैसे पूर्ण तीन मिनिटांचे. फक्त या वेळी फायदा बोर्डावरच्या बाईंचा झाला.