राकसकोप: टिलव्याचे पाय

मागच्या दोन पक्षी-लिस्टमधले बेळगावजवळच्या राकसकोप धरणावरचे सगळे स्टिंट (म्हणजे टिलवे, चिखलात चरणारी चिमुकली पाणपाखरं) मी बिनधास्त 'छोटा टिलवा' म्हणून टाकलेत, ते आता मागं घ्यायची पाळी आलीय.

झालं काय, रविवारी दुपारी तीनला पोचलो. पाणी बरंच उतरलंय, कडेचा तांबडा चिखल उघडा पडलाय. हळदीकुंकू बदकं, नदी सुरय, दोन तुतवार, नेहमीचीच मंडळी. धरणाकडनं बघितलं की दुपारचं ऊन तोंडावर येतं आणि समोरचं प्रत्येक पाखरू काळंच दिसतं, हे डोक्यात शिरायला मला तिसरा हिवाळा लागला! म्हणून ह्या खेपेला वळसा मारून पलीकडच्या काठाला, तुडये गावाकडं गेलो, तर तिथं एकटाच टिलवा, पोट चिखलाला टेकवल्यासारखा दबकत चाललेला. छोट्या टिलव्याची अशी चाल नसते, त्याची सारखी पळापळ. छाती पण सगळी राखाडी, मधे पांढरं नाही. म्हटलं हा दुसऱ्या जातीचा, टेमिंकचा टिलवा! पण त्याचे पाय पिवळट दिसायला हवेत ना, आणि ह्याचे वरपर्यंत चिखलानं माखलेले. स्कोपचा (स्टँडवरच्या दुर्बिणीचा) झूम ६० पटीवर नेला तर नुसती हवा थरथरते, ३० वर आणला तर पाय म्हणजे दोन काड्या. मधेच पाण्यात उतरला, वाटलं आता धुतले जातील, तर लगेच परत चिखलात.

म्हशी घेऊन आलेल्या मामांनी विचारलं, "काय बगूलालाय ओ?" म्हटलं पाखराचे पाय. त्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, "चिखलच हाय की."

एवढ्यात मार्श हॅरिअर ही शिकारी घार आली, सगळे उडाले. उडताना बारीक 'तिर्रर्र' ऐकू आलं, छोटा टिलवा तर तुटक 'टिट टिट' करतो. टेमिंकच्या शेपटीच्या कडा पांढऱ्या असतात, त्या बघायच्या तर स्कोपला फोन लावायच्या अडॅप्टरमधनं फोन घसरला आणि निम्मं आभाळच शूट झालं. ऑनलाइन स्वस्तातला अडॅप्टर घेऊ नका बाबांनो, पीव्हीसी पाइपचं टोपण कापून केलेला माझा जुनाच बरा होता.

पुढच्या रविवारी हिडकल धरणावर पट्टकादंब हंस बघायचे ठरलेत. थांबा, लिहिता लिहिता व्हिडिओ एकेक फ्रेम सरकवून बघतोय... एका फ्रेममध्ये शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्याफट्ट! टेमिंकचाच!

मग हिडकल कॅन्सल. परत तुडये, पण सकाळी जायचं असेल तर ऊन उलटं, म्हणजे धरणाकडनं बघायचं. जुन्या लिस्टमध्ये तोपर्यंत नुसतं 'स्टिंट' केलंय. कुणाकडं जास्तीचा ट्रायपॉड आहे का, माझ्याचा एक पाय त्याच चिखलात अडकून वाकलाय.